बाटलीतला वायू आणि पेंटबॉलचा वेग

पसरणी घाट चढून वाईहून पाचगणीला आलेला माणूस सुमारे सहाशे मीटर वर येतो आणि थंडीच्या दिवसांतल्या सकाळी तो फरक त्याला अंगावरच्या काट्यानेच कळतो. पेंटबॉल या खेळात एकमेकांवर रंगभरल्या गोळ्या झाडतात; त्या झाडणाऱ्या, कार्बन डायऑक्साइडवर चालणाऱ्या बंदुकीला, म्हणजे मार्करलाही तो तितकाच जाणवतो. वाईत दुपारी नीट लावलेला गोळीचा वेग पाचगणीत सकाळी खाली येतो आणि मार्कर बिघडला असे समजून पुष्कळ जण चांगली स्प्रिंग उगाच बदलतात.

मार्कर म्हणजे खूण करणारे साधन. १९७०च्या दशकात अमेरिकेत झाडांवर आणि गुरांवर दुरून रंगाची खूण उमटवण्यासाठी ते वापरात आले; २७ जून १९८१ रोजी न्यू हॅम्पशायरमधील हेनिकर येथे बारा जणांनी त्याचा पहिला खेळ मांडला. ट्रिगर ओढताच आतला हातोडा स्प्रिंगच्या जोराने झडपेवर आदळतो, क्षणभर उघडलेल्या झडपेतून वायू सुटतो आणि सुमारे १७ मिलिमीटर व्यासाची, तीन ग्रॅमची गोळी बॅरलमधून, म्हणजे नळीतून, ढकलली जाते.

कार्बन डायऑक्साइड बाटलीत बराचसा द्रवरूपात असतो आणि त्या द्रवावरचा दाब तापमानावर ठरतो. १० अंश सेल्सिअसला तो सुमारे ४५ बार (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका), २० अंशांना सुमारे ५७ बार आणि ३० अंशांना ७२ बारच्या आसपास असतो. ३१ अंशांच्या पुढे द्रव आणि वायू हा भेदच उरत नाही आणि मग बाटली किती भरली आहे त्यावर दाब वाढत जातो. एप्रिलमध्ये सांगलीत पारा चाळिशीकडे सरकतो तेव्हा उन्हातल्या बंद गाडीत ठेवलेली भरलेली बाटली खरोखर धोक्याची असते. म्हणूनच ती नेहमी वजन करून, ठरलेल्या मर्यादेतच भरायची असते आणि तिच्या गळ्यावर कोरलेली चाचणीची तारीख भरण्याआधी वाचायची असते.

उलट बाजूही आहे. हॉटेलच्या भटारखान्यात मोठी शेगडी सलग पेटलेली असली, की गॅसच्या सिलिंडरला बाहेरून दव धरते आणि आच मंदावते. द्रवाचा वायू होताना तो भोवतालची उष्णता ओढून घेतो. भराभर गोळ्या झाडल्यावर मार्करच्या बाटलीचेही असेच होते: ती हाताला गार लागते, दाब उतरतो आणि गोळ्या जवळच पडू लागतात. तोंड खाली करून मार्कर धरला तर द्रवच झडपेत शिरून रबरी सील खराब करतो. दाबलेल्या हवेची बाटली २०७ किंवा ३१० बारपर्यंत भरलेली असली, तरी तिचा रेग्युलेटर, म्हणजे दाब नियंत्रित करणारा भाग, पुढे ठरावीक दाब देतो आणि द्रवाचा प्रश्नच नसतो. परवडत असेल तर तीच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

वेगाची कमाल मर्यादा साधारणपणे सेकंदाला ३०० फूट मानली जाते आणि अनेक मैदानांवर ती २८० ठेवतात. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने वेग २८० वरून ३२० झाला, तर ऊर्जा सुमारे ३१ टक्क्यांनी वाढते, आणि डोळ्याच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. त्यामुळे दिवसाचा पहिला खेळ सुरू होण्याआधी आणि ऊन वाढल्यावर पुन्हा, मास्क लावून, गोळीचा वेग मोजणाऱ्या क्रोनोग्राफसमोर पाच-सहा गोळ्या झाडाव्यात, त्यांतला सर्वांत मोठा आकडा धरावा आणि वेगाचा स्क्रू एलन कीने पाव-पाव आटाच फिरवावा.

देखभालीत सर्वाधिक लक्ष ओ-रिंगकडे, म्हणजे जोड हवाबंद ठेवणाऱ्या रबरी कड्यांकडे हवे. मार्कर उघडण्यापूर्वी हॉपर, म्हणजे गोळ्यांचा डबा, रिकामा करावा, बाटली काढावी, आत अडकलेला वायू सुरक्षित दिशेने झाडून टाकावा आणि मगच स्क्रू सोडवावेत. रिंग नखावर घेऊन उजेडात फिरवली, की चपटा झालेला भाग किंवा बारीक चीर लगेच दिसते. गळती कोठे आहे हे पंक्चरवाल्याप्रमाणे साबणाच्या पाण्याने शोधता येते: बुडबुडे बाटलीच्या जोडावर आले तर तिथली रिंग बदलावी, वायू बॅरलमधून सुटत असेल तर झडपेचे सील झिजले असे समजावे. साध्या मार्करमध्ये बाटली जोडण्याच्या तोंडात मार्करसाठीच्या तेलाचे दोन-तीन थेंब पुरतात. गंज सोडवण्याचा फवारा मात्र कधीही मारू नये; त्याने रबर फुगते.

गोळीचे कवच औषधाच्या कॅप्सूलप्रमाणे जिलेटिनचे असते. पावसाळ्यातल्या पाचगणीच्या धुक्यात ते ओल शोषून फुगते आणि मऊ पडते. बॅरलमध्ये गोळी घालून हलकी फुंकर मारावी: ती फुंकरीने बाहेर पडली आणि एरवी जागच्या जागी थांबली, तर गोळी आणि बॅरल यांचे माप जुळते; आपोआप घरंगळली तर सैल, जागची हललीच नाही तर घट्ट. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, हळद ज्या कोरड्या, समतापमान जागेत टिकत असे, तशीच जागा या गोळ्यांनाही मानवते. उघडलेली पिशवी हवाबंद डब्यात ठेवून अधूनमधून उलटत राहावी, म्हणजे गोळ्या एका बाजूने चपट्या होत नाहीत.