फोटॉन-झोताने होणारी बॅरिऑन-प्रतिबॅरिऑन युग्मनिर्मिती

उच्च ऊर्जेचा फोटॉन (प्रकाशकण) प्रोटॉनावर किंवा अणुकेंद्रावर आदळला असता त्याच्या ऊर्जेतून एक बॅरिऑन व त्याचा प्रतिकण अशी जोडी उत्पन्न होण्याची प्रक्रिया. तीन क्वार्कांचे बनलेले कण म्हणजे बॅरिऑन; प्रोटॉन, न्यूट्रॉन, लॅम्डा हे बॅरिऑन होत. बॅरिऑन क्रमांक (बॅरिऑनांची संख्या वजा प्रतिबॅरिऑनांची संख्या) अक्षय्य राहत असल्याचे आजवरच्या सर्व प्रयोगांत आढळले असून नवा बॅरिऑन एकटा जन्मत नाही.

निर्वात पोकळीत एकट्या फोटॉनाचे जोडीत रूपांतर होऊ शकत नाही, कारण ऊर्जा आणि संवेग या दोहोंचा हिशेब एकाच वेळी जुळत नाही. संवेग पत्करणारे तिसरे कोणीतरी लागते. मिरकरवाड्याच्या धक्क्याला लागलेल्या जड ट्रॉलरवरून उडी मारली तर जवळजवळ सगळा जोर उडीत जातो, लहान होडीवरून मारली तर त्यातला बराचसा होडी मागे रेटण्यात खर्च होतो, हे रत्नागिरीच्या किनाऱ्यावर वाढलेल्या कोणासही ठाऊक असते. इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोडीच्या बाबतीत अणुकेंद्र हे ट्रॉलर ठरते. म्हणून तेथे १.०२२ मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टपेक्षा नाममात्र अधिक ऊर्जा पुरते. स्थिर प्रोटॉनावर प्रोटॉन-प्रतिप्रोटॉन जोडी निर्माण करताना मात्र लक्ष्य आणि नवे कण सारख्याच वस्तुमानाचे असतात, आणि किमान ऊर्जा प्रोटॉनाच्या वस्तुमान-ऊर्जेच्या चौपट, म्हणजे सुमारे ३.७५ गिगा-इलेक्ट्रॉन-व्होल्ट (पुढे गिइव्हो), येते. तिच्यापैकी निम्मीच नव्या वस्तुमानात उतरते. उरलेली तिन्ही कणांच्या पुढे धावण्यात जाते. दोन प्रोटॉनांच्या टकरीत हा तोटा आणखी मोठा असून तेथे प्रोटॉनाच्या वस्तुमान-ऊर्जेच्या सहापट गतिज ऊर्जा लागते. १९५५ मध्ये चेंबरलेन, सेग्रे व त्यांच्या सहकाऱ्यांना बर्कली येथील बीव्हाट्रॉनवर प्रतिप्रोटॉन सापडला, तो तांब्याच्या लक्ष्यात. अणुकेंद्रातील न्यूक्लिऑनांच्या (प्रोटॉन व न्यूट्रॉन यांच्या) अंतर्गत गतीमुळे ही मर्यादा तेथे काहीशी खाली येते.

ही प्रक्रिया अतिशय विरळ आहे. द्रवरूप हायड्रोजनात शिरलेला फोटॉन बहुधा इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोडीच निर्माण करतो, आणि मुंबईत जन्मलेल्या होमी भाभा यांनी १९३७ मध्ये हाइटलर यांच्यासह मांडलेला विश्वकिरणांच्या वर्षावाचा सिद्धांत याच जोडीवर उभा आहे. प्रबल परस्परक्रियेचे (अणुकेंद्र बांधून ठेवणाऱ्या बलाचे) कण उत्पन्न होण्याचा संभव इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोडीच्या शतांशाहूनही कमी, आणि बॅरिऑन-जोडी हा त्यातलाही अल्प अंश.

अमेरिकेतील जेफरसन प्रयोगशाळेतील ग्लूएक्स प्रयोगात सुमारे १२ गिइव्होचे इलेक्ट्रॉन हिऱ्याच्या अत्यंत पातळ चकतीतून नेतात; तेथे ते काही ऊर्जा गमावून फोटॉन उत्सर्जित करतात. स्फटिकाची दिशा नेमकी साधल्याने ८.२ ते ८.८ गिइव्होच्या पट्ट्यात रेखीय ध्रुवित (ज्यांचे विद्युत क्षेत्र एकाच प्रतलात कंपते अशा) फोटॉनांचे प्रमाण वाढते. ऊर्जा गमावलेला इलेक्ट्रॉन चुंबकाने वळवून मोजला की फोटॉनाची ऊर्जा कळते.

प्रोटॉन-प्रतिप्रोटॉन जोडीत एक मूलभूत अडचण आहे. अखेरीस दोन प्रोटॉन हाती येतात. त्यांपैकी लक्ष्यातला जुना कोणता आणि नवजात कोणता, हे दोघे तंतोतंत एकरूप असल्यामुळे सांगताच येत नाही. लॅम्डा-प्रतिलॅम्डा जोडीस किमान ४.८८ गिइव्हो लागत असले, तरी तेथे हा गोंधळ नाही, त्यामुळे यंत्रणा उलगडण्यासाठी प्रस्तुत लेखकाच्या मते तीच अधिक उपयुक्त होय. शिवाय लॅम्डा काही सेंटिमीटर जाऊन विघटित होतो व सुमारे ६४ टक्के वेळा प्रोटॉन आणि ऋण पायॉन देतो. त्या प्रोटॉनाच्या दिशेवरून लॅम्डाच्या परिवलनाची (स्पिनची) दिशा वाचता येते. या वाचनास लागणारा असममिती गुणांक (प्रोटॉन परिवलनाच्या दिशेकडे किती झुकून बाहेर पडतो याचे माप) दीर्घकाळ ०.६४ मानला जाई. २०१९ मध्ये बीजिंगच्या बीईएस-३ प्रयोगाने तो सुमारे ०.७५ असल्याचे दाखविल्यापासून जुनी ध्रुवणमापने (परिवलने कितपत एकाच दिशेला आहेत याची मापने) त्या प्रमाणात सुधारून वाचावी लागतात.

१९७० च्या दशकात प्रोटॉन-प्रतिप्रोटॉन प्रणालीत २.०२ गिइव्हो वस्तुमानाच्या आसपास अरुंद शिखरे (घटनांच्या संख्येतील ठळक वाढ) दिसल्याचे दावे झाले आणि त्यांस बॅरिओनियम, म्हणजे बॅरिऑन व प्रतिबॅरिऑन यांची बद्धावस्था वा अनुस्पंदन (अल्पजीवी संयुक्त अवस्था), असे नाव मिळाले. अधिक घटना नोंदविणाऱ्या नंतरच्या प्रयोगांत ही शिखरे टिकली नाहीत. २००३ मध्ये बीईएस गटाला जे/साय (चार्म क्वार्क व त्याचा प्रतिक्वार्क यांच्या) कणाच्या विघटनात प्रोटॉन-प्रतिप्रोटॉन जोडीच्या किमान वस्तुमानालगत आढळलेली घटनांची वाढ मात्र खरी आहे. तिला काही जण बद्धावस्थेचे चिन्ह मानतात, तर काही जण ती बाहेर पडणाऱ्या प्रोटॉन व प्रतिप्रोटॉन यांच्या परस्पर आकर्षणाचा परिणाम समजतात. केवळ त्या वाढीपुरते पाहिल्यास दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते.