मेंदूची ओळख: मार्च, जुलै आणि लाखोळीची डाळ

जागतिक मेंदू जागृती सप्ताह अमेरिकेतल्या डाना संस्थेच्या पुढाकाराने १९९६ मध्ये सुरू झाला. १९९० चे दशक त्या देशाने मेंदूच्या नावे जाहीर केले होते, त्यातून ही कल्पना आली. आता हा सप्ताह मार्चच्या मध्यावर येतो. नागपुरात नेमके तेव्हा दहावीचे पेपर चालू असतात आणि बाकीचे वर्ग वार्षिक परीक्षेच्या तोंडावर. शाळकरी मुलांना मेंदूची ओळख करून देणारा कार्यक्रम घ्यायचा, तर त्यापेक्षा २२ जुलै बरा. जागतिक न्यूरॉलॉजी महासंघ १९५७ मध्ये याच तारखेला स्थापन झाला, म्हणून २०१४ पासून तो जागतिक मेंदू दिन. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनअखेर उघडतात. जुलैत पुस्तके नवी असतात, चाचणी लांब असते.

पूर्व विदर्भात मेंदूविषयी सांगण्याची गरज मात्र सप्ताहाच्या फार आधीपासूनची, आणि ती स्वयंपाकघरातून आली. लाखोळीच्या (खेसारीच्या) डाळीचे पीक दुष्काळात तग धरते. इतर धान्य संपले की घरोघरी महिनोन्महिने तीच खाल्ली जायची आणि काहींचे पाय कायमचे ताठरायचे. कारणीभूत असलेले ओडॅप हे द्रव्य भारतीय संशोधकांनी १९६४ मध्ये वेगळे केले. ते मेंदूकडून पायांकडे आज्ञा नेणाऱ्या पेशींवर घाव घालते. स्मरणशक्ती शाबूत राहते. डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकले की बरेच ओडॅप निघून जाते. ‘मेंदू पायाला हुकूम देतो’ हे मुलांना सांगायला इतके जवळचे उदाहरण दुसरे नाही.

दुसरी वाट मिरगीची. हिंदू विवाह कायद्यात मिरगी हे लग्न रद्द ठरवण्याचे कारण होते; १९९९ च्या दुरुस्तीने ते काढले. घरातली लपवाछपवी काही कायद्याबरोबर गेली नाही, म्हणून इथे मुलांसोबत आई-आजीलाही बसवावे. फीट आली की घड्याळ पाहावे, रुग्णाला कुशीवर वळवावे, गळ्याशी कपडा सैल करावा. तोंडात चमचा घालू नये: जीभ कोणी गिळत नाही, दात मात्र तुटतात. फीट पाच मिनिटांपुढे गेली किंवा शुद्धीवर न येताच दुसरी आली, तर दवाखाना. कांदा आणि चप्पल बाजूला ठेवावेत. झटका बहुधा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतो आणि श्रेय चपलेला जाते!

आता साहित्य. बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू-मनोविकार संस्थेत खरा मानवी मेंदू हातात घेता येतो. नागपूरच्या मोहल्ल्यात ते जमणार नाही. खाटकाकडचा ताजा भेजा इतका मऊ असतो की उचलताच फाटतो. फॉर्मालिन या जतनाच्या रसायनात तो घट्ट होतो, पण त्या वाफेने डोळे चुरचुरतात. बंद खोलीत, लहान मुलांपुढे ते नकोच. आम्ही कणकेचा १,३५० ग्रॅमचा गोळा सुचवू. मोठ्या माणसाच्या मेंदूचे वजन साधारण तेवढेच, आणि ओंजळीत घेतल्यावर मुले एकदम गप्प होतात.

सर्वांत बोलका प्रयोग अंड्याचा. झाकणाच्या पारदर्शक डब्यात कच्चे अंडे ठेवून हलवा: फुटते. दुसऱ्या डब्यात पाणी भरून तेच करा: बहुधा वाचते. फसते ते दोन ठिकाणी. वर बोटभर हवा राहिली तर पाणी हिंदकळते आणि अंडे झाकणावर आदळते, म्हणून डबा काठोकाठ भरावा. साध्या पाण्यात ताजे अंडे बुडून तळाशी टेकते. चमचा-चमचा मीठ विरघळवत जावे, अंडे तळ सोडेपर्यंत. मेंदू आणि मज्जारज्जूभोवती मिळून असा द्रव सुमारे दीडशे मिलिलिटर असतो आणि त्यात तरंगणाऱ्या मेंदूचा भार जेमतेम ५० ग्रॅम भरतो. मग पाण्याचा तोच डबा छातीच्या उंचीवरून फरशीवर सोडावा. जोरात आदळले की पाणी असूनही अंडे फुटू शकते. हेल्मेटचा विषय तेव्हा काढावा, आणि हनुवटीचा पट्टा लावूनच दाखवावा.