टिटॅनियमच्या जुन्या माउंटन बाइकची पुनर्बांधणी

टिटॅनियमच्या माउंटन बाइकचा मूळ सांगाडा (फ्रेम) कायम ठेवून त्यावर आजचे गिअर, ब्रेक, चाके व चिमटा (पुढचे चाक धरणारा फोर्क) बसविण्याचे काम. येथे ‘जुनी’ म्हणजे ढोबळमानाने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंतची बाइक. ही वरची मर्यादा कोणी व्ही-ब्रेकच्या (रिमला दोन बाजूंनी दाबणाऱ्या लांब दांड्यांच्या ब्रेकच्या) आगमनाशी (१९९६) जोडतात, तर कोणी सांगाड्यावर डिस्क ब्रेकसाठी कान (ब्रेक बसविण्याचे जोड) येऊ लागले त्या काळाशी. दुसरी मर्यादा अधिक उपयोगी ठरते, कारण पुनर्बांधणीतील बहुतेक अडचणी हे कान नसण्यातूनच सुरू होतात.

इतिहास : जुन्या सांगाड्यावर नवे भाग चढविणे ही हौशी लोकांची अलीकडची टूम आहे, असे समजले जाते. प्रत्यक्षात माउंटन बाइकचा उगमच त्यात आहे. कॅलिफोर्नियातील मरिन काउंटीत १९७० च्या दशकात १९३०-४० च्या सुमाराच्या जाड टायरच्या श्विन सायकलींना गिअर, ड्रम ब्रेक व मोटरसायकलचे ब्रेक-दांडे लावून त्या डोंगरउतारावर पळवीत. ‘रिपॅक’ या उताराच्या शर्यती ऑक्टोबर १९७६ मध्ये सुरू झाल्या. अशा सायकलीला गिअर प्रथम कोणी लावले, याबद्दल मतभेद आहेत. मरिनच्या मंडळींत गॅरी फिशरचे नाव घेतले जाते. परंतु डिसेंबर १९७४ मध्ये मिल व्हॅलीजवळच्या सायक्लोक्रॉस (चिखल-मातीच्या वाटेवरील सायकल) शर्यतीत क्युपर्टिनोचा ‘मॉरो डर्ट क्लब’ गिअर लावलेल्या जाड टायरच्या सायकली घेऊन उतरला होता, हे पाहता पहिलेपणाचा मान केवळ मरिनला देणे अवघड आहे. या कामासाठी मुद्दाम घडविलेला, जो ब्रीझ या सायकल-कारागिराचा सांगाडा १९७७ चा. तो क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनमयुक्त) पोलादाचा होता.

टिटॅनियम सायकलीत आले ते आधी रस्त्यावरच्या शर्यतींसाठी. १९७० च्या दशकात इंग्लंडमध्ये स्पीडवेल व अमेरिकेत टेलेडाइन यांनी असे सांगाडे काढले. टेलेडाइनचा ‘टायटन’ मिश्रधातूचा नव्हे, तर जवळजवळ शुद्ध टिटॅनियमचा असल्याने लवचीक निघाला आणि त्याला तडे जाण्याच्या तक्रारी आल्या. या धातूची ‘लिबलिबीत’ अशी जी ख्याती पुढे टिकली, तिचे मूळ बहुधा येथेच असावे.

माउंटन बाइकच्या बाबतीत मर्लिन मेटलवर्क्स (मॅसॅचूसेट्स, १९८६) व लाइटस्पीड (टेनेसी, त्याच सुमारास) ही दोन नावे पुढे येतात. मर्लिनच्या संस्थापकांपैकी गॅरी हेलफ्रिच याने त्याआधी फॅट सिटी सायकल्समध्ये असताना टिटॅनियमचे प्रयोग केले होते. प्रयोग मोजायचे की विक्रीला आलेला माल, यावर ‘पहिली टिटॅनियम माउंटन बाइक’ कोणती ते ठरते. विक्रीचा निकष लावल्यास मर्लिनचे पारडे जड राहते.

धातू : या सांगाड्यांच्या नळ्या प्रायः ३ टक्के ॲल्युमिनियम व २·५ टक्के व्हॅनेडियम असलेल्या मिश्रधातूच्या असतात. तो विमानांतील हायड्रॉलिक नळ्यांसाठी प्रचलित होता. चाक अडकविण्याच्या खाचांसाठी काही जण ६ टक्के ॲल्युमिनियम व ४ टक्के व्हॅनेडियमचा अधिक कठीण मिश्रधातू वापरत. टिटॅनियमची घनता सु. ४·५ ग्रॅ./घ. सेंमी. (पोलादाची सु. ७·८) असून ताठपणा पोलादाच्या निम्म्याच्या आसपास आहे; म्हणून नळ्यांचा व्यास वाढवून तो भरून काढतात. धातू गंजत नाही, त्याला रंगाचीही गरज नसते. परिणामी तीस वर्षांपूर्वीचा सांगाडा बहुधा धडधाकट असतो. त्यावरची मापे मात्र बाजारातून गेलेली असतात.

मापांचा प्रश्न : सर्वांत अवघड जागा हेड ट्यूबची, म्हणजे चिमट्याचा वरचा दांडा ज्यात फिरतो त्या पुढच्या नळीची. १ १/८ इंची दांड्यासाठी केलेल्या जुन्या हेड ट्यूबचा आतील व्यास ३४ मिमी. असतो. आजच्या बहुतेक शॉक-चिमट्यांचा (धक्के शोषणाऱ्या चिमट्यांचा) दांडा खाली १·५ इंचापर्यंत रुंद होत जातो. तो या नळीत कोणत्याही हेडसेटने (दांडा फिरविणाऱ्या बेअरिंगच्या संचाने) बसत नाही. सरळ दांड्याचा चिमटा शोधणे किंवा साधा ताठ चिमटा लावणे, एवढेच मार्ग उरतात. शिवाय चिमट्याची लांबी सु. २० मिमी. वाढली की हेड ट्यूबचा कोन सु. १° ने कमी होतो, म्हणजे ती अधिक कलती होते. ६०-८० मिमी. दबणाऱ्या चिमट्यासाठी आखलेल्या सांगाड्याला १०० मिमी.चा सहसा चालून जातो. मुळात ताठ, आखूड चिमट्यासाठी आखलेल्या सांगाड्याला तोच लावला तर पुढची बाजू उंचावते, हँडल जड होते आणि हेड ट्यूबच्या सांध्यावर ताण वाढतो. फसलेल्या पुनर्बांधण्यांपैकी बऱ्याच येथेच फसतात.

मागच्या खाचांमधील अंतर बहुधा १३५ मिमी. असते, अगदी सुरुवातीच्या सांगाड्यांत १३० मिमी. १४२ मिमी.चे काही हब (चाकाचे मध्यभाग) टोकांची टोपणे बदलून १३५ वर आणता येतात; १४८ मिमी.चे ‘बूस्ट’ हे रुंद हब आणता येत नाही. पोलादी सांगाडा थोडा ताणून रुंद करतात तसे टिटॅनियमला करू नये. तो स्प्रिंगसारखा परत येतो आणि ताण सांध्यांवर पडतो. बॉटम ब्रॅकेटची (पेडलचा आस बसतो ती) नळी इंग्रजी आट्यांची, ६८ किंवा ७३ मिमी.ची असल्यास आजचे बाहेरच्या बेअरिंगचे क्रँक विनासायास बसतात. काही जुन्या सांगाड्यांत आटे नसून बेअरिंग थेट ठोकलेले असते. तेथे अडॅप्टर शोधावा लागतो.

गिअर : तीन चकत्यांऐवजी पुढे एकच चकती व मागे ११ चकत्यांची कॅसेट (दातेरी चकत्यांचा संच) ही मांडणी बरीच रूढ आहे. शिमानोच्या माउंटन बाइकसाठीच्या ११ गतींच्या कॅसेट जुन्या ८-९ गतींच्या फ्रीहबवर (हबच्या ज्या भागावर कॅसेट बसते त्यावर) चढतात, त्यामुळे ११ ते ५१ दातांचा पल्ला मूळ हबवरही मिळू शकतो. १० दातांपासून सुरू होणाऱ्या १२ गतींच्या कॅसेटना वेगळा फ्रीहब लागतो. खाचेवर थेट आवळले जाणारे अगदी अलीकडचे डिरेलर (साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणारे यंत्र) या सांगाड्यांवर बसतच नाहीत.

ब्रेक : मागे डिस्कचे कान नसल्यास व्ही-ब्रेक ठेवावा आणि पुढे डिस्क घ्यावी, असा तोडगा बरेच जण काढतात, आजच्या बहुतेक शॉक-चिमट्यांना व्ही-ब्रेकच्या खुंट्या नसल्याने तो आपोआपच गळ्यात पडतो. २६ इंची चाकाच्या जागी २७·५ इंची घातल्यास रिमची त्रिज्या १२·५ मिमी.ने वाढते आणि व्ही-ब्रेकचे पॅड तिथवर पोहोचत नाहीत.

कान नव्याने जोडून घेणे शक्य आहे. मात्र तापलेले टिटॅनियम हवेतील ऑक्सिजन व नायट्रोजन शोषून ठिसूळ होते, म्हणून नळीच्या आत-बाहेर दोन्हीकडे आरगॉन खेळता ठेवून वेल्डिंग करावे लागते. काम कसे झाले ते रंग सांगतो : चकचकीत रुपेरी उत्तम, फिकट पिवळसर चालण्याजोगा, निळा शंकास्पद; राखाडी किंवा पांढुरकी भुकटी दिसली तर तो सांधा मोडीतच काढावा. शिवाय मागची डावी नळी ब्रेकच्या जोरासाठी आखलेली नसते, तेव्हा आडवा आधारही द्यावा लागतो. एवढे करून मूळ सांगाडा मूळ राहत नाही. म्हणून पुन्हा काढून पूर्वस्थितीवर आणता येतील असेच बदल करावेत, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

तपासणी व अडकलेली सीट-नळी : काम हाती घेण्यापूर्वी बॉटम ब्रॅकेटच्या आसपासचे सांधे, हेड ट्यूबचा खालचा सांधा आणि सीटच्या नळीवरील फटीचे टोक भिंगाखाली पाहतात. केसाएवढी रेघ आढळली तर ती ओरखडा नाही याची खात्री होईपर्यंत पुढे जात नाहीत. ॲल्युमिनियमची सीट-नळी (सीट धरणारी, सांगाड्यात सरकणारी नळी) टिटॅनियममध्ये वर्षानुवर्षे कोरडी राहिली असेल, तर दोन धातूंच्या विद्युत् रासायनिक क्रियेने ॲल्युमिनियम फुगून घट्ट रुतते. पिळून निघाली नाही तर आतून उभी कापून काढतात. कॉस्टिक सोड्याने ॲल्युमिनियम विरघळविण्याचीही रीत आहे. तीत उष्णता व हायड्रोजन निर्माण होत असल्याने ती घरात करण्याजोगी नाही. नव्या जोडणीत अशा प्रत्येक जागी आणि टिटॅनियमच्या आट्यांवर अँटी-सीझ (भाग रुतू न देणारा) लेप लावतात. सीट-नळीसाठी २७·२ मिमी.चे भोक असलेल्या सांगाड्यात वर-खाली होणारी ‘ड्रॉपर’ सीट बसते, पण तिचा पल्ला बेताचाच असतो.

चिकटविलेले सांगाडे : १९९० च्या दशकाच्या आरंभी रॅलेने ‘डायनाटेक’ मालिकेत टिटॅनियमच्या नळ्या वेल्डिंगऐवजी चिकटवून जोडल्या. अशा सांगाड्याला उष्णता देऊ नये.