उत्तर आयर्लंडमधील मिश्र शाळा : दोनदा फसलेला आराखडा

उत्तर आयर्लंडमध्ये इंग्रजी वर्णमालेतील आठव्या अक्षराला कोणी ‘एच’ म्हणतो की ‘हेच’, यावरून तो प्रॉटेस्टंट शाळेत शिकला की कॅथलिक, याचा अंदाज बांधला जातो. ही विभागणी इतकी मुरलेली आहे की ती पहिल्यापासूनचीच असावी असे वाटते. प्रत्यक्षात तेथील सरकारी शिक्षणाचा आरंभच दोन्ही पंथांच्या मुलांना एकत्र शिकवणाऱ्या मिश्र शाळेच्या कल्पनेने झाला होता. 1831 मध्ये, बेट अखंड असताना, आयर्लंडचे मुख्य सचिव एडवर्ड स्टॅन्ली यांनी मांडलेल्या राष्ट्रीय शाळांच्या योजनेत सर्व मुलांनी इतर विषय एकत्र शिकावेत आणि धर्मशिक्षण तेवढे ज्याच्या त्याच्या पंथाप्रमाणे वेगळे घ्यावे, असे ठरले होते. आधी प्रेस्बिटेरियन या प्रॉटेस्टंट उपपंथाच्या लोकांनी आणि पुढे कॅथलिक बिशपांनी तिला विरोध केला, आणि शतक संपेपर्यंत बहुतेक शाळा कागदावर मिश्र, पण व्यवहारात एकाच पंथाच्या होऊन बसल्या.

आयर्लंडच्या फाळणीनंतर उत्तर आयर्लंडचे पहिले शिक्षणमंत्री लॉर्ड लंडनडेरी यांनी 1923 च्या कायद्याने शाळेच्या सक्तीच्या वेळेतून धर्मशिक्षणच वगळले. कॅथलिक चर्चने आपल्या शाळा सरकारकडे सोपवण्यास नकार दिला, तर प्रॉटेस्टंट धर्मगुरूंनी ऑरेंज ऑर्डर या प्रॉटेस्टंट संघटनेला हाताशी धरून बायबल वर्गात परत आणण्यासाठी रान उठवले. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे दोन्ही पक्ष येथे नकळत एकाच बाजूला आले, हे विसरून चालणार नाही. अखेर 1930 च्या दुरुस्तीने सरकारी शाळांत बायबलचे शिक्षण आले, कॅथलिक शाळांना इमारतखर्चाच्या निम्मे अनुदान मिळाले, आणि दोन समांतर व्यवस्था कायद्यानेच पक्क्या झाल्या.

तिसरा प्रयत्न सरकारने नव्हे, पालकांनी केला. ‘ऑल चिल्ड्रन टुगेदर’ या त्यांच्या चळवळीतून 1981 मध्ये, मेझ तुरुंगातील उपोषणांत ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणाऱ्या दहा आयरिश प्रजासत्ताकवादी कैद्यांचे बळी गेले त्याच वर्षी, बेलफास्टमधील एका स्काउट हॉलमध्ये अवघ्या 28 मुलांनिशी लॅगन कॉलेज सुरू झाले. अशा शाळांना उत्तेजन देण्याची जबाबदारी 1989 मध्ये सरकारवर आली आणि 2022 च्या कायद्याने ती वाढवली. तरीही आज दहा मुलांमागे एकही मूल त्यांत नाही. कॅथलिक प्राथमिक शाळेत ‘फर्स्ट कम्युनियन’ची, म्हणजे मुलाने चर्चमध्ये पहिल्यांदा पवित्र प्रसाद घेण्याच्या विधीची, तयारी वर्गातच होते, आणि ती सोय सोडून देणे अनेक कुटुंबांना जड जाते. त्यामुळे मिश्र शाळाही आता कॅथलिक मुलांची ही तयारी वेगळी करून घेतात.