प्रार्थनेच्या उत्तराची प्रतीक्षा (ख्रिस्ती धर्म)

एखाद्या निश्चित मागणीसाठी केलेल्या प्रार्थनेचे फळ दिसत नसताना श्रद्धा टिकवून प्रार्थना चालू ठेवण्याची ख्रिस्ती परंपरेतील वृत्ती व साधना. स्तुती, उपकारस्मरण किंवा पापकबुली यांच्या बाबतीत हा प्रश्न उद्भवत नाही. तो याचनेपुरता आणि दुसऱ्यासाठी केलेल्या मध्यस्थीच्या प्रार्थनेपुरता मर्यादित आहे. त्याचे मूळ नव्या करारातच आहे. ‘मागा म्हणजे तुम्हांला दिले जाईल’ हे मत्तयाच्या शुभवर्तमानातले (७:७) आश्वासन बिनशर्त वाटते. त्याच शुभवर्तमानात मात्र गेथशेमाने बागेत येशू आपल्यापुढील दुःख व मरण यांचा ‘प्याला’ टळावा म्हणून तीनदा प्रार्थना करतो आणि प्याला टळत नाही. या दोन उताऱ्यांची सांगड कशी घालावी, याभोवतीच पुढचा बहुतेक विचार फिरतो.

बायबलमधील आधार : जुन्या करारात प्रतीक्षेची उदाहरणे विपुल आहेत. उत्पत्तीच्या निवेदनानुसार अब्राहाम घर सोडून निघाला तेव्हा ७५ वर्षांचा होता आणि इसहाक जन्मला तेव्हा १०० वर्षांचा. हन्नेची अपत्यासाठीची विनवणी (१ शमुवेल १), उत्तर मिळण्याआधी २१ दिवस शोक करणारा दानीएल (दानीएल १०), ‘हे परमेश्वरा, किती वेळ’ असा जाब विचारणारा हबक्कूक ही त्यांतली ठळक नावे. मात्र या विषयाचा खरा आधारग्रंथ स्तोत्रसंहिता होय. तिच्यातील सुमारे एकतृतीयांश स्तोत्रे विलापस्तोत्रांत, म्हणजे देवापुढे दुःख व तक्रार मांडणाऱ्या स्तोत्रांत, मोडतात.

या विलापस्तोत्रांचे एक वैशिष्ट्य अभ्यासकांना दीर्घकाळ कोड्यात टाकत आले आहे. स्तोत्र १३ चार वेळा ‘कोठवर’ असे विचारते आणि शेवटच्या दोन ओळींत एकदम आनंदगीताकडे वळते. स्तोत्र ६, २२ आणि २८ यांतही असेच वळण आहे. परिस्थिती बदलल्याचा उल्लेख त्यांत कोठेही नाही. तक्रार आणि आभार यांच्यामधली पायरीच गाळलेली दिसते. जर्मन बायबल-अभ्यासक योआखिम बेग्रिख यांनी १९३४ मध्ये असे प्रतिपादन केले की, या दोन भागांच्या मध्ये मंदिरातील याजक आश्वासनाचे वचन उच्चारीत असे. स्तोत्रात केवळ उपासकाचे शब्द लिहून ठेवले गेल्याने ते वचन गळले. यशया ४०–५५ (इ. स. पू. सहाव्या शतकाच्या मध्यानंतरचा भाग, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात) यातील ‘भिऊ नको’ ही वचने त्यांना अशा याजकीय वचनांच्या धर्तीवर रचलेली वाटली. विलापगीत ३:५७ मध्ये ‘भिऊ नको’ असे देवाने म्हटल्याचा उल्लेख आहे, तसेच एली याजक हन्नेला शांतीने जाण्यास सांगतो आणि तिचा चेहरा त्यानंतर उदास राहत नाही (१ शमुवेल १:१७-१८). ही दोन स्थळे या उपपत्तीच्या बाजूने नेहमी पुढे केली जातात.

उपपत्ती आकर्षक असली, तरी तिच्यातील अडचणी लहान नाहीत. जे वचन सर्वांत महत्त्वाचे, नेमके तेच सगळीकडे गाळले गेले असे मानावे लागते. उलट स्तोत्र १२ आणि ६० यांत देवाचे बोल स्तोत्राच्या अंगातच आले आहेत, म्हणजे ते लिहून ठेवण्याला आडकाठी नव्हती. ‘भिऊ नको’ या सूत्राचा मूळ संदर्भ याजकीय नसून युद्धापूर्वी राजाला दिलेल्या धीराचा असावा, असेही एक मत आहे. इ. स. पू. सातव्या शतकातील अ‍ॅसिरियन राजा एसरहद्दोन याला उद्देशून असलेल्या देववचनांत तेच सूत्र आढळते, ही बाब या मताला पूरक ठरते. जर्मन धर्माभ्यासक फ्रीड्रिख हायलर यांनी बेग्रिख यांच्या आधीच या वळणाचे मानसशास्त्रीय स्पष्टीकरण सुचविले होते : तक्रार पूर्णपणे बोलून दाखविण्याच्या क्रियेतूनच भरवसा उपजतो. अलीकडे आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधले गेले आहे. वळण नेहमी विलापाकडून स्तुतीकडेच जाते असे नाही. स्तोत्र २७ आणि ४० मध्ये आधी भरवसा किंवा आभार आणि मग आर्त विनवणी असा उलटा प्रवास आहे, तर स्तोत्र ८८ मध्ये वळणच नाही. ते अंधाराच्या उल्लेखावर संपते. हे सर्व ध्यानात घेता एकाच विधीने सगळ्या स्तोत्रांचा उलगडा करण्यापेक्षा हायलर यांची दिशा अधिक सयुक्तिक वाटते, जरी काही स्तोत्रांमागे प्रत्यक्ष याजकीय वचन असण्याची शक्यता नाकारता येत नाही. प्रतीक्षेच्या ख्रिस्ती विचाराला या वादाचे महत्त्व असे की, उत्तर हाती येण्यापूर्वीचे आभार हा स्तोत्रांचा मूळ अर्थ मानायचा की हरवलेल्या विधीमुळे झालेला भास, हे त्यावर ठरते.

नव्या करारात लूक १८:१-८ हा दाखला मध्यवर्ती आहे. अन्यायी न्यायाधीशाला कंटाळा येईपर्यंत विधवा न्याय मागत राहते. दाखल्याच्या शेवटी मनुष्याच्या पुत्राला (म्हणजे पुन्हा येणाऱ्या येशूला) पृथ्वीवर विश्वास आढळेल काय, असा प्रश्न येतो. तो मूळ दाखल्याचा भाग नसून नंतर जोडला गेला असावा, असे अनेक भाष्यकार मानतात. हे शुभवर्तमान सामान्यतः इ. स. ८०–९० च्या सुमाराचे धरले जाते. प्रभूचे पुनरागमन लांबल्याची अस्वस्थता त्या पिढीत होती, आणि व्यक्तिगत मागणीची प्रतीक्षा व सबंध मंडळीची प्रतीक्षा येथे एकमेकींत मिसळलेल्या दिसतात. पौलाने आपल्या ‘शरीरातील काट्या’साठी तीनदा विनवणी केली (२ करिंथ १२). त्याला काटा काढून मिळाला नाही, कृपा पुरेशी असल्याचे उत्तर मिळाले. हा काटा म्हणजे काय, याविषयी प्राचीन ख्रिस्ती लेखकांपैकी तर्तुल्यनने कान किंवा डोके दुखणे, क्रिसोस्तमने विरोधकांचा छळ, तर आधुनिकांनी नेत्रविकार आणि हिवताप असे तर्क केले आहेत. मजकुरावरून निर्णय होत नाही.

सैद्धांतिक विचार : पाश्चात्त्य परंपरेत या प्रश्नाला आकार दिला तो ऑगस्टीनने (३५४–४३०). देवाला आपली गरज आधीच ठाऊक आहे, मग मागायचे कशासाठी, या प्रश्नाला त्याने सु. ४१२ मध्ये प्रोबा या विधवेला लिहिलेल्या पत्रात उत्तर दिले : प्रार्थनेने इच्छेचा व्यायाम होतो आणि जे द्यायचे ते घेण्याची पात्रता वाढते. योहानाच्या पहिल्या पत्रावरील प्रवचनात त्याने थैलीचा दृष्टांत दिला आहे. भरायचे पुष्कळ असले म्हणजे थैली ताणून मोठी करावी लागते, आणि विलंब हे ताणणे होय. हा विचार त्याच्या आईच्या, मोनिकेच्या, आयुष्याशी जोडलेला आहे. मुलगा ख्रिस्ती व्हावा म्हणून ती अनेक वर्षे प्रार्थना करीत होती. ३८३ मध्ये त्याने रोमला जाऊ नये म्हणून ती कार्थेजजवळ हुतात्मा बिशप सिप्रियनच्या स्मृतिस्थळी रात्रभर रडत असताना तो तिला चुकवून जहाजाने निघून गेला. त्या रात्री तिने जे मागितले ते देवाने नाकारले ते अशासाठी, की ती नेहमी जे मागत होती ते द्यावे, असे ऑगस्टीन आपल्या आत्मनिवेदनात लिहितो. त्या प्रवासातून तो पुढे मिलानला पोहोचला आणि ३८७ च्या ईस्टरला तेथील बिशप अँब्रोजकडून त्याने बाप्तिस्मा घेतला. मोनिका त्याच वर्षी ऑस्टिया येथे वारली. ही मांडणी प्रभावी आहे, परंतु ती फळ मिळाल्यानंतर लिहिलेली आहे, हे वाचताना विसरता कामा नये.

थॉमस अक्वायनसच्या मते (तेरावे शतक) प्रार्थनेने देवाचा संकल्प बदलत नाही; प्रार्थनेद्वारेच पूर्ण व्हावे असे देवाने ठरविलेले ते तिच्यामुळे प्राप्त होते. प्रार्थना निश्चित फलदायी होण्यासाठी त्याने चार अटी सांगितल्या : ती स्वतःसाठी, तारणास आवश्यक गोष्टीसाठी, भक्तिभावाने आणि सातत्याने केलेली असावी. यातील पहिल्या अटीमुळे मध्यस्थीच्या प्रार्थनेचे फळ अनिश्चितच राहते. प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्व्हिननेही चिकाटीवर भर दिला. क्रूसभक्त योहान (१५४२–९१) याने तर प्रार्थनेत देवाची जाणीव होत नाही असा शुष्कतेचा काळ हीच आत्म्याच्या वाढीची अवस्था मानली. विसाव्या शतकात अमेरिकेतून पसरलेल्या समृद्धीच्या शिकवणुकीने (विश्वास ठेवल्यास आरोग्य व संपत्ती मिळते, या मताने) मार्क ११:२४ चा आधार घेऊन उलट भूमिका घेतली : मिळालेच आहे असे धरून चाला, उत्तर नसेल तर विश्वास उणा आहे. मुख्य प्रवाहातील बहुतेक मंडळ्यांना ही भूमिका अमान्य आहे, कारण ती आजाऱ्याच्या दुखण्यावर दोषाचे ओझे चढवते आणि पौलाच्या काट्याचा उलगडा तिला करता येत नाही.

आचार : नाताळपूर्वीच्या आगमनकाळाचे चार रविवार, नऊ दिवसांची नोव्हेना, उपास, रात्रजागर हे प्रतीक्षेचे रूढ आचार. रोमन दैनिक प्रार्थनाविधीत शुक्रवारच्या रात्रीच्या प्रार्थनेसाठी स्तोत्र ८८ नेमलेले आहे. प्रोटेस्टंटांत प्रार्थनेची नोंदवही ठेवण्याची रीत आढळते; ब्रिस्टल येथे अनाथगृहे चालविणारे जॉर्ज म्यूलर (१८०५–९८) हे तिचे प्रसिद्ध उदाहरण.

प्रायोगिक अभ्यास : फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८७२ मध्ये असे दाखविले की, ज्यांच्या दीर्घायुष्यासाठी सर्वत्र प्रार्थना होते ती राजघराणी इतर वरिष्ठ वर्गांपेक्षा अल्पायुषी आहेत. २००६ मध्ये हर्बर्ट बेन्सन व सहकाऱ्यांनी हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेल्या १,८०२ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली. आपल्यासाठी प्रार्थना होत आहे की नाही हे ठाऊक नसलेल्या दोन गटांत गुंतागुंतीचे प्रमाण ५२ टक्के (प्रार्थना झालेला गट) आणि ५१ टक्के (न झालेला) होते. प्रार्थना होत असल्याचे ज्यांना सांगितले होते त्यांच्यात ते ५९ टक्के निघाले. या चाचणीत प्रार्थना करणारे रुग्णांना अपरिचित होते आणि प्रार्थनेचा कालावधी दोन आठवड्यांचा होता.