प्रसूतीतील गर्भाशयग्रीवेचे बदल

गर्भाशयाचा योनीत उतरलेला खालचा निमुळता भाग म्हणजे गर्भाशयग्रीवा. बोलीभाषेत तिला पिशवीचे तोंड म्हणतात. गर्भारपणात साधारण ३ ते ४ सेंमी. लांब असलेली ही ग्रीवा बंद राहून गर्भाला आधार देते आणि प्रसूतीच्या वेळी तीच सुमारे १० सेंमी. उघडते. हे सारे कळांच्या जोरावरच होते असे मानले जाते, पण ते पुरते खरे नाही. ग्रीवेत स्नायू थोडा असतो; ती मुख्यतः कोलॅजन या चिवट प्रथिनाच्या तंतूंच्या संयोजी (जोडून ठेवणाऱ्या) ऊतकाची बनलेली असते आणि हे ऊतक आधी सैल झाले नसेल, तर कळा येऊनही तोंड लवकर उघडत नाही.

या पूर्वतयारीला ग्रीवा पक्व होणे म्हणतात. एरवी नाकाच्या शेंड्याइतकी टणक लागणारी ग्रीवा गर्भारपणात ओठासारखी मऊ होत जाते. अखेरच्या आठवड्यांत कोलॅजनच्या जुड्या विस्कळीत होतात, ऊतकातील पाणी व ते धरून ठेवणारे हायलुरोनिक अम्ल वाढते आणि प्रोस्टाग्लँडिने ही शरीरातील संप्रेरकांसारखी द्रव्ये या बदलाला गती देतात. म्हणूनच कृत्रिम रीत्या कळा आणायच्या असल्यास प्रथम प्रोस्टाग्लँडिनयुक्त औषध किंवा फुग्याची नळी वापरून ग्रीवा पक्व करतात. ती कितपत तयार आहे हे ठरवण्यासाठी एडवर्ड बिशप यांनी १९६४ मध्ये मांडलेली गुणपद्धती आजही वापरात आहे. तीत ग्रीवेचा उघडेपणा, आखूडपणा, मऊपणा व दिशा यांबरोबर बाळाचे डोके किती खाली आले आहे, हेही पाहतात.

हीच तयारी अकाली झाली, तर गर्भ टिकत नाही. कळा न येताच दुसऱ्या तिमाहीत ग्रीवा उघडू लागते, अशा स्त्रियांसाठी मुंबईचे डॉ. वि. ना. शिरोडकर यांनी ग्रीवेभोवती टाका घालण्याची शस्त्रक्रिया १९५५ मध्ये प्रसिद्ध केली. ‘शिरोडकर टाका’ या नावाने ती जगभर ओळखली जाते.

प्रत्यक्ष कळा सुरू झाल्या की गर्भाशयाच्या वरच्या भागातील स्नायुतंतू प्रत्येक कळेनंतर थोडे आखूडच राहतात. त्यामुळे ग्रीवा वर खेचली जाऊन पातळ होते व गर्भाशयाच्या खालच्या भागात विलीन होते. पहिलटकरणीत हे आखूड होणे बहुधा आधी आणि उघडणे नंतर होते. पूर्वी बाळंत झालेल्या स्त्रीत दोन्ही बरोबरीने चालतात. याच सुमारास ग्रीवेतील श्लेष्म्याचा बोळा रक्ताच्या किंचित लालीसह बाहेर पडतो.

सुरुवातीचे काही सेंटिमीटर उघडायला किती वेळ लागेल, हे आधी सांगता येत नाही. पुढचा वेग निदान तासाला १ सेंमी. असावा, हा दंडक रुग्णालयांत दीर्घकाळ प्रमाण मानला गेला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये सक्रिय अवस्थेची, म्हणजे ग्रीवा अधिक वेगाने उघडण्याच्या टप्प्याची, सुरुवात ५ सेंमी.पासून धरली आणि केवळ हा वेग गाठला नाही एवढ्यावरून हस्तक्षेप करू नये, असे सुचवले. ही दुरुस्ती व्हायला हवीच होती, कारण पूर्णतः निकोप प्रसूतीही पुष्कळदा त्याहून सावकाश पुढे सरकते.

बाळ व वार बाहेर पडल्यावर ग्रीवा सैल लोंबती असते. आठवडाभरात तिचे तोंड बरेचसे मिटते. ते पूर्ववत मात्र होत नाही: योनिमार्गे प्रसूत झालेल्या स्त्रीत बाहेरचे गोल छिद्र आडव्या फटीसारखे दिसते.