स्ट्रेप की स्टॅफ? माळ, घोस आणि बुडबुडे

ग्रॅमच्या रंगाने (जीवाणू ओळखण्यासाठी त्यांना रंगवण्याची पद्धत) दोघेही जांभळे दिसतात, दोघेही गोल, दोघेही पुवात सापडतात आणि नावंही अशी सारखी की ऐकताना हमखास गोंधळ व्हावा. स्ट्रेप्टोकॉकस (स्ट्रेप) आणि स्टॅफिलोकॉकस (स्टॅफ) या जीवाणूंची गल्लत रुग्णच करतात असं नाही, नवे विद्यार्थीही करतात. पाठ केलेल्यातलं शेवटी एवढंच उरतं: पहिल्याची माळ, दुसऱ्याचा घोस. यात खोटं काही नाही, पण ही माळ होते कशी हे कळल्याशिवाय ते फारसं उपयोगाचंही नाही.

सगळा फरक दुभंगण्याच्या दिशेत आहे. स्ट्रेप दर वेळी आधीच्या भिंतीला समांतरच नवी भिंत घालतो. नव्या पेशी एकमेकींपासून पुरत्या सुटत नाहीत आणि रांग लांबत जाते. स्टॅफ एका पिढीत एका दिशेने, पुढच्या पिढीत तिला काटकोनात आणि त्यापुढच्या पिढीत पुन्हा दिशा बदलून दुभंगतो. त्याचा गठ्ठाच होणार.

नीट पाहिलं तर स्ट्रेपची पेशी पुरती गोल नसतेच, किंचित लांबट असते. मधोमध आडवी भिंत उभी राहत असताना पेशी कडेनेही जराशी वाढते. न्यूमोकॉकस हा स्ट्रेपच्याच कुळातला. त्याच्यात हा मध्य हेरायचं काम मॅपझेड नावाचं प्रथिन करतं. ते पेशीच्या कमरेभोवती कड्यासारखं बसतं. पेशी वाढू लागली की त्या कड्याची दोन कडी होतात आणि होऊ घातलेल्या दोन्ही पेशींच्या मध्यावर जाऊन थांबतात. म्हणजे पुढच्या पिढीने कुठे दुभंगायचं, हे आधीच ठरून जातं. स्टॅफच्या बाबतीत मला थक्क करतो तो शेवटचा क्षण. मधली भिंत पुरी झाली की बाहेरचं कवच काही मिलिसेकंदांत तडकतं आणि दोन अर्धगोल एका कडेला जोडलेले राहूनच उघडतात.

मात्र निव्वळ आकारावर विसंबू नये. जीवाणू वाढवायच्या घट्ट माध्यमावरच्या वसाहतीतून (एका जागी वाढलेल्या ठिपक्यातून) घेतलेल्या नमुन्यात स्ट्रेपच्या माळा तुटक दिसतात. त्या लांब पाहायच्या तर पातळ माध्यमात वाढवावं लागतं. न्यूमोकॉकस तर बहुधा जोडीनेच दिसतो.

खरा निवाडा होतो तो काचपट्टीवर. वसाहतीचा कण घ्यायचा आणि त्यावर हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकायचा. फसफसून बुडबुडे आले तर स्टॅफ, थेंब गप्प राहिला तर स्ट्रेप. स्टॅफ ऑक्सिजन वापरून श्वसन करतो आणि पेरॉक्साइडचं पाणी व ऑक्सिजन करणारं कॅटलेज हे विकर बाळगतो. स्ट्रेपला कॅटलेजला लागणारा हीम हा लोहयुक्त घटक बनवताच येत नाही, म्हणून त्याच्याकडे ते विकर नाही. तो साखर आंबवून लॅक्टिक आम्ल करतो आणि त्यावरच भागवतो. (रक्तमिश्रित माध्यमावरून नमुना घेताना रक्त उचललं जाऊ देऊ नये. लाल पेशींतही कॅटलेज असतं, आणि मग स्ट्रेपही स्टॅफ ठरतो.)

गंमत पुढेच आहे. कॅटलेज नसलेला न्यूमोकॉकस स्वतःच भरपूर पेरॉक्साइड तयार करतो आणि त्याने शेजारच्या स्टॅफला मारतो, तेही त्या स्टॅफकडे कॅटलेज असताना. पेरॉक्साइडने स्टॅफच्या डीएनएला इजा होते, दुरुस्तीची धोक्याची घंटा वाजते, आणि तीच घंटा ऐकून त्याच्या जनुकसंचात झोपून राहिलेले विषाणू जागे होऊन पेशी फोडतात. न्यूमोकॉकसकडे तशी घंटाच नाही. लहान मुलांच्या नाकात न्यूमोकॉकस असला की स्टॅफ ऑरियस (स्टॅफची रोगकारक जात) कमी आढळतो, असं काही अभ्यासांत दिसलं, त्यामागचं हे एक संभाव्य कारण.

आपापसात बोलण्याची भाषा दोघांचीही एकच: छोटे पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांच्या लहान साखळ्या. आशय मात्र वेगळा. स्टॅफ ऑरियसचं पेप्टाइड वलयाकार असतं. दाटी वाढून ते पुरेसं साचलं की तो चिकटून राहण्याची प्रथिनं आवरती घेतो आणि विषं सोडू लागतो. या पेप्टाइडचे चार प्रकार आहेत आणि एका प्रकारचा निरोप बहुधा दुसऱ्या प्रकारच्या स्टॅफचं तोंड बंद करतो. म्हणजे संवाद हीच स्पर्धा. न्यूमोकॉकसचं पेप्टाइड सरळ, 17 अमिनो आम्लांचं. ते मिळालं की पेशी बाहेरचा डीएनए आत घेण्यास सज्ज होते, आणि सज्ज न झालेल्या भाऊबंदांना फोडून त्यांचा डीएनए मोकळा करते. 1928 साली जीवाणुशास्त्रज्ञ ग्रिफिथ यांनी निरुपद्रवी न्यूमोकॉकसचं घातक वाणात जे रूपांतर पाहिलं, ते या डीएनए आत घेण्याच्या सवयीमुळे. आणि पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंग यांच्या बशीत बुरशीने ज्यांच्या वसाहती विरघळवल्या ते स्टॅफ होते, सालही तेच.

पुढे पेनिसिलिनने दोघांना वेगळं काढलं. घसा धरणारा स्ट्रेप पायोजेनिस आजही त्याला बळी पडतो. स्टॅफ ऑरियसचे बहुतेक वाण ते औषध तोडणारं विकर तयार करतात, आणि 1961 साली मेथिसिलिन या नंतरच्या औषधालाही दाद न देणारे वाण सापडले. रक्ताशी वागण्यातही उलटंच: स्टॅफ ऑरियस कोॲग्युलेजने रक्तद्रव गोठवतो, स्ट्रेप पायोजेनिस स्ट्रेप्टोकायनेजने गुठळी विरघळवायला लावतो. म्हणून पू एका जागी धरून बसलेलं गळू दिसलं की आधी स्टॅफचा संशय येतो, आणि कड न दाखवता पसरत जाणारी लाली दिसली की स्ट्रेपचा. अपवाद दोन्हीकडे भरपूर आहेत. नक्की काय ते कल्चरच, म्हणजे नमुन्यातले जीवाणू वाढवून केलेली तपासणीच सांगते.